ब्रेकवरचा दुसरा पाय

मित्रांनो, मला बघून हसू येत असेल तर आधी पोटभर हसून घ्या. छपरावर पिवळी पाटी, दोन्ही दारं खरचटलेली, मागचा बंपर तारेने बांधलेला. मी एक जुनी शिकवणीची गाडी आहे. अर्ध्या गावाचा हात माझ्यावर बसला आहे आणि त्याच्या खुणा मी अंगावर मिरवते आहे.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. मग मला गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका सरांनी विकत घेतलं. त्यांचे गॅरेजवाले मिस्त्री आले आणि त्यांनी चालकाच्या शेजारच्या सीटपुढे आणखी एक ब्रेक बसवला. शिकणाऱ्याने ऐन वेळी घोळ घातला तर शिकवणाऱ्याला गाडी थांबवता यावी, म्हणून. हे दोन्ही ब्रेक आतून जोडलेले आहेत. एक दाबला की दुसराही आपोआप खाली जातो. एवढं लक्षात ठेवा, कारण माझी सगळी रामकहाणी त्याच्यावरच उभी आहे.

सर मोठे मिश्कील. शिकणारा घामाघूम होऊन स्टिअरिंगला लटकला, की सर खिशातून संत्रं काढायचे आणि निवांत सोलायला घ्यायचे.

"सर, रस्त्याकडे बघा ना!" शिकणारा रडकुंडीला यायचा.

"तुम्ही बघताय ना? मग झालं तर."

खरं तर त्यांचं एक बोट संत्र्यावर आणि दोन्ही डोळे रस्त्यावर असायचे. पाय मात्र ब्रेकच्या शेजारी, जमिनीवर टेकलेला. गरज पडली तर तो पापणी लवायच्या आत ब्रेकवर यायचा, आणि काम झालं की मुकाट्याने परत जमिनीवर. शेजारचा माणूस संत्रं खातोय म्हणजे आपण काही अगदीच वाईट चालवत नसणार, असं वाटून शिकणाऱ्याचे खांदे सैल पडत. माझ्या सीटला तेव्हा कायम संत्र्याचा वास यायचा. लोक म्हणायचे, शिकावं तर याच गाडीवर. मी मनातून फुगून जायचे, टायरांइतकीच.

पुढे सरांचे गुडघे बोलू लागले आणि त्यांच्या जागी त्यांची मुलगी बसू लागली. तिला सगळे ताई म्हणतात. ताई शिकवायला सरांपेक्षाही शांत. एकच गोष्ट दहादा सांगतील, पण आवाज चढवायच्या नाहीत.

पण एक दिवस घात झाला. एका शिकणाऱ्याने वळणावर ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. समोर एक सायकलवाला होता. ताईंनी त्यांचा ब्रेक असा दाबला की मी जागच्या जागी थरथरले. सायकलवाला घाबरून पडला, कोपर खरचटलं, बाकी काही झालं नाही. चूक ताईंची नव्हती, उलट त्यांनीच त्याला वाचवलं होतं. तरी संध्याकाळपर्यंत ताई हात मांडीत दाबून बसून होत्या.

माझे ब्रेकपॅड तसेही झिजत आले होते. मिस्त्रींनी ते काढून नवे बसवले. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात ना, तेच हे पॅड. आणि मित्रांनो, नवे पॅड बसल्यावर चारच दिवसांत मी ओरडायला लागले. साधंसुधं नाही, पाटीवर नख ओढल्यासारखं. कीऽऽऽ! सिग्नलला माणसं कानांवर हात ठेवू लागली.

मिस्त्रींनी चाक काढलं. पॅडमागची पट्टी सैल असेल म्हणून ती बदलली, ग्रीस लावलं. दोन दिवस शांतता, मग पुन्हा कीऽऽऽ! त्यांनी पॅड पुन्हा बाहेर काढून उजेडात धरले. पॅडची तोंडं काचेसारखी चकाकत होती. ब्रेक कायम अर्धवट टेकलेला राहिला की पॅड तापतात, गुळगुळीत होतात आणि मग ओरडतात. मिस्त्रींनी ते घासून दिले आणि डोकं खाजवत म्हणाले, "कोणीतरी ब्रेकवर पाय ठेवून चालवतंय."

कोण ते मला ठाऊक होतं. त्या अपघातापासून ताईंचा उजवा पाय जमिनीवर टेकलाच नव्हता. दिवसभर तो त्यांच्या ब्रेकवर असायचा, हलकासा, त्यांच्याही नकळत. मला बोलता येत असतं तर केव्हाच सांगितलं असतं. मला फक्त ओरडता येत होतं, म्हणून मी ओरडत होते.

याचा सगळा ठपका स्वतःवर घेतला तो मावशींनी. या मावशी त्या वेळी रोज शिकायला येत. त्यांच्या यजमानांचा एक पाय आजारपणात लुळा पडला होता. व्यायामासाठी त्यांना दर आठवड्याला दूरच्या दवाखान्यात न्यावं लागे. खाडे झाले तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दारात त्यांची स्वतःची गाडी कापडाखाली झाकून उभी, आणि चालवणारा खुर्चीत बसून. शेजाऱ्यांना तरी किती वेळा गळ घालायची? म्हणून मावशींनी कंबर कसली होती. पण मी ओरडले की रस्त्यावरचे लोक वळून बघायचे आणि मावशी शरमेने अर्ध्या व्हायच्या.

"माझाच पाय जड आहे," एक दिवस त्या म्हणाल्या. "या वयात मला काही जमायचं नाही, ताई. उद्यापासून नाही येत मी."

ताईंचा चेहरा पडला. "एकदा मिस्त्रींना बरोबर घेऊ," त्या म्हणाल्या. "मग ठरवा."

मिस्त्री मागच्या सीटवर बसले, खिडकी खाली करून, कान बाहेर काढून. मावशी चालवू लागल्या. पाण्याच्या टाकीशेजारचा सपाट रस्ता आला आणि मी बारीक आवाजात सुरू झाले.

"अहो, बघा!" मावशी ओरडल्या. "माझा पाय ब्रेकवर नाहीच आहे! तरी ही रडतेय!"

मिस्त्री पुढे वाकले. खरंच नव्हता. "गाडी बाजूला घ्या," ते म्हणाले. गाडी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "ब्रेक दाबताना पायाला कसा लागतो?"

"कसा म्हणजे? नेहमीसारखा. आधीच थोडा खाली गेलेला असतो."

"आधीच खाली?"

"हो. तसाच असतो ना तो?"

बिचाऱ्या मावशी! दुसरी गाडी त्यांनी कधी चालवलीच नव्हती, त्यांना काय कळणार? आणि मिस्त्री मला एकटेच चालवून बघायचे, तेव्हा शेजारची सीट रिकामी असायची. त्यांच्यापर्यंत ही गोष्ट पोचणार कशी?

ताईंनी मात्र मान खाली घातली आणि स्वतःच्या पायाकडे पाहिलं. तो ब्रेकवर होता. त्यांनी तो उचलला. मावशींच्या बाजूचा ब्रेक टक्कन वर आला.

ताई म्हणाल्या, "मला कळलंच नाही हो. तो सायकलवाला पडल्यापासून... पाय उचलला की कोणीतरी समोर येईल असं वाटतं." त्यांचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं. त्यांनी मला छळलं नव्हतं, त्या घाबरल्या होत्या.

मावशींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आमच्या घरीही एक पाय असाच रुसून बसलाय. त्याच्यावर रागावून नाही हलत तो. रोज थोडा थोडा हलतो."

मिस्त्रींनी पॅड पुन्हा घासले आणि सांगितलं, "मोकळ्या रस्त्यावर थोडा वेग घ्या, ठाम ब्रेक मारा, सोडा, गार होऊ द्या. असं दहा-बारा वेळा केलं की पॅड नीट बसतील. फक्त घाबरत घाबरत दाबू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मोकळ्या रस्त्यावर आम्ही तिघी होतो. मावशींनी मला सुरू केलं. ताईंनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घातली. मग त्यांनी पिशवीतून संत्रं काढलं आणि सोलायला घेतलं. किती दिवसांनी माझ्या सीटला तो वास आला!

मावशींनी वेग घेतला, ठामपणे ब्रेक मारला, सोडला. पुन्हा मारला, पुन्हा सोडला. शेवटी त्या वासाने मावशींनाच राहवेना. "मला एक फोड द्या ना."

"गाडी थांबवल्यावर," ताई म्हणाल्या.

मावशींनी गाडी थांबवली. हूं की चूं झालं नाही.

आता मावशींकडे परवाना आहे. आठवड्यातून एकदा त्या स्वतःच्या गाडीत यजमानांना शेजारी बसवून माझ्या समोरून जातात आणि मुद्दाम हॉर्न वाजवतात. ताई मात्र रोज मांडी घालून बसत नाहीत, भिऊ नका. सरांसारखाच पाय ठेवतात.

मित्रांनो, गाडी ओरडली तर कान झाकू नका. आम्हाला हौस नसते ओरडायची. नवा भाग बसवला की तो नीट रुळू द्या. आणि तुमच्या शेजारी कोणी काही शिकत असेल, तर पाय ब्रेकच्या जवळच ठेवा, पण जमिनीवर.