खिडकीच्या कट्ट्यावर

"कागदातल्या बाईच्या घरात शिरायचं नाही," आमच्या भाषांतराच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. "वाक्य उचल, इकडे आणून ठेव, हात धू." त्या बोलल्या की चर्चा संपते, म्हणून मागे सगळे त्यांना पूर्णविराम म्हणतात. मी मान डोलावली आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. घरात न शिरता कोण कुठे बसलंय ते कळणार कसं?

आणि आमच्या कामात तेच कळावं लागतं. स्पॅनिशमध्ये आत, वर, जवळ, सगळ्याला एक 'एन' लावला की भागतं. इंग्रजीत 'इन', 'ऑन' की 'ॲट' ते ठरवावंच लागतं. आपलंही स्पॅनिशसारखंच. 'पोरगी खिडकीत बसलीय' म्हटलं, तरी ऐकणारा निवांत चहा पीत राहतो.

एका आईचा स्पॅनिश जबाब आला, कोर्टासाठी इंग्रजीत करायला. नवऱ्याशी फारकत झालेली, चार वर्षांची मुलगी बापाकडे, ती आपल्याला मिळावी म्हणून हिचा अर्ज. त्यात एक ओळ होती: पोर रडायला लागली की गप्प होईपर्यंत बाप तिला 'एन ला व्हेंताना', म्हणजे खिडकीत, बसवतो, मी तिथे राहत होते तेव्हाही बसवायचा.

खिडकीजवळ, खुर्चीवर? काचेला नाक लावून? की...

माझी लेक नुकतीच धरून उभी राहायला लागलीय. घरातली प्रत्येक खुर्ची मी खिडकीपासून लांब ओढून ठेवते. नवरा म्हणतो, "उद्या आम्हाला श्वास घ्यायलाही तुझी परवानगी लागेल."

पूर्णविराम म्हणाल्या, "'ॲट' टाक. त्यात सगळं मावतं."

"म्हणूनच नको ना बाई. त्यात ती पोर दिसतच नाही."

"आणि 'ऑन' टाकलंस आणि ती नुसती खुर्चीवर असली तर? समोरचा वकील आईलाच खोटं पाडेल. आपण भाषांतर करतो गं, साक्ष देत नाही."

खरं होतं ते. अंदाजाने लिहून चालणार नव्हतं. मी आईच्या वकिलाच्या कारकुनामागे लागले. "एका शब्दासाठी अशिलाला फोन?" तो वैतागला. "मॅडम, तुम्हाला दुसरे उद्योग नाहीत का?" संध्याकाळी त्याचाच फोन आला. आवाज उतरलेला. त्याने आईला विचारलं होतं. खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर. पाय बाहेर सोडून. गज नाहीत. चपला खाली पडायच्या, आई कामावरून येताना उचलून आणायची.

मी 'ऑन' लिहिलं. पूर्णविरामांनी चष्मा वर सारून ओळ पुन्हा वाचली आणि सही केली. मला वाटलं, झालं. आता हे वाचून कुणीतरी उठेल, जाऊन बघेल.

निकालही आमच्याकडेच आला, आईसाठी स्पॅनिशमध्ये करायला. अर्ज फेटाळला होता. आईची नोकरी पाळ्यांची, खोली भाड्याची. बापाचं घर स्वतःचं. मुलगी त्याच्याकडेच राहील. मी सगळी पानं चाळून खिडकी शोधली. नव्हतीच. 'ॲट' नाही, 'ऑन' नाही, काहीच नाही. कुणी त्या ओळीवर बोटही ठेवलं नव्हतं.

त्या निकालाचं भाषांतर करताना मला एकही शब्द अडला नाही.

मग मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. "पत्ता सांगा," पलीकडची बाई म्हणाली. आमच्याकडे येणाऱ्या कागदांवर पत्त्याच्या जागी काळी पट्टी असते. कारकुनाला विचारलं, तर म्हणाला, "केस संपली, मॅडम. माझी नोकरी घालवू नका."

जबाबावरून मला एवढंच ठाऊक आहे: तिसरा मजला, जिना बाहेरून, खाली टायरचं दुकान, त्यावर निळा पत्रा. तुमच्या रस्त्यावर असं घर असेल, तर जाता-येता मान वर करा. रडणं ऐकू आलं तर पुढे जाऊ नका. वर जा, दार वाजवा, काहीही निमित्त सांगा, नसतं झेंगट वाटलं तरी. ती पोर आत आहे ना, तेवढं बघून या.