संस्कृतीचे चार गुरुवार

चौथ्या गुरुवारी जऊळक्याच्या स्टेशन रोडवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रिसोडहून जिपा भरभरून माणसं आली होती. निळी पडलेली पोरगी नीलेश्वरबाबा पुन्हा माणसांत कशी आणतात, हे सगळ्यांना पाहायचं होतं.

पोरगी माझ्याच वर्गातली. संस्कृती, सात वर्षांची, दुसरीत. मागचे तीन गुरुवार मी हा प्रकार पाहत होतो. बाबा तिला शेडभोवती पाच प्रदक्षिणा घालायला लावत. तिसऱ्या फेरीला तिचे ओठ जांभळासारखे होत, नखं काळीनिळी पडत, छाती भात्यासारखी वरखाली होई. बाया तोंडाला पदर लावत. मग बाबा माइक घेत.

"हे हलाहल आहे, भक्तहो! बहात्तर हजार नाड्यांमधून मागच्या जन्माचं विष वर येत आहे! अमेरिकेतले शास्त्रज्ञ याला कॉस्मिक पॉयझन म्हणतात, पण उतारा त्यांच्याकडे नाही!"

उतारा अर्थातच जऊळक्यात होता. बाबा तिला 'नीलासना'त बसवत. म्हणजे उकिडवं, गुडघे छातीशी घट्ट. डोक्यावरून मोरपीस फिरवत. दोन-तीन मिनिटांत ओठांचा निळेपणा खरोखर उतरू लागे आणि शेड जयजयकारानं दणाणून जाई.

मी बी.एस्सी. झालेला मास्तर. लिंबातून रक्त काढणारे, पाण्यावर दिवे लावणारे पुष्कळ पाहिलेले. मोरपिसाला काही लावलं असेल का, ओठांना आधी काही फासत असतील का, असे तर्क लढवत मी मागे उभा राहायचो. काही उलगडत नव्हतं.

उलगडलं ते चौथ्या गुरुवारच्या दोन दिवस आधी, शाळेत. मुलांच्या तपासणीला सरकारी पथक आलं. त्यातल्या डॉक्टर रंजीता राठोड मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर वाढलेल्या. त्यांनी संस्कृतीच्या छातीवर नळी ठेवली आणि बराच वेळ ती उचललीच नाही. मग मला विचारलं, "सर, ही खेळता खेळता मधेच उकिडवी बसते का?"

"बसते ना. दोन वर्षं झाली. कवायतीचा कंटाळा..."

बोलता बोलता मला आठवलं. त्या बसण्याबद्दल मी तिला रागावून दोनदा उभं केलं होतं. त्या क्षणी मला वाईटसुद्धा वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. बोटांना लागलेला खडू तेवढा जाणवत राहिला.

"मी बाबाकडं बी तशीच बसतो," संस्कृती म्हणाली. "मले बरं वाटते."

डॉक्टरांच्या मते तिच्या हृदयात जन्मापासून दोष होता. आतल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. क्वचित आढळणारा आजार; पण नागपूरला ऑपरेशन होतं, तेही सरकारी योजनेतून. मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेलो. वडील पुण्याला कामावर. घरात आई ज्योत्स्ना आणि आजोबा दौलतराव.

"छाती फाडू देत नाई आमी," दौलतराव म्हणाले. "बाबानं सांगतलं, या गुरुवारी सारं इख उतरते. फक्त बुधवारपासून पोरीले निर्जळ उपास."

"एवढ्या उन्हात? पाणीही नाही?"

ज्योत्स्नानं सासऱ्यांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "पाणी तोडू नका म्हणावं. तिचं रक्त आधीच घट्ट आहे." मी ते सांगितलं आणि निघून आलो. बुधवारी पुन्हा जायला हवं होतं. गेलो नाही.

गुरुवारी माझ्या सांगण्यावरून डॉक्टर पथकाची गाडी घेऊन आल्या. आम्ही शेडमध्ये पोचलो, तेव्हा बाबा अजून आतल्या खोलीत होते. संस्कृती उन्हातून चालत आलेली, ओठ सुकलेले आणि निळे. डॉक्टरांनी तिच्या उजव्या हाताच्या बोटाला चिमट्यासारखं छोटं यंत्र लावलं. त्यावर आकडा आला : अठ्ठावन्न.

"हा रक्तातला ऑक्सिजन. आपला पंच्याण्णवच्या वर असतो," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "बाळा, तुला बरं वाटेल तशी बस."

संस्कृती उकिडवी बसली. मोरपीस नाही, मंत्र नाही, बाबाही नाहीत. आकडा हळूहळू चढला. चौसष्ट. एकोणसत्तर. शहात्तर. ओठ उजळले.

"पण बाबा तं अजून आले बी नाई!" गर्दीतली एक बाई म्हणाली.

"असं कसं झालं वो?" दौलतरावांनी विचारलं.

"काका," डॉक्टर त्यांच्याच बोलीत म्हणाल्या, "तुमच्याकडं ठिबक हाय ना? एका मोटरवर दोन पाइप. एक दाबला तं पाणी कुठं जाते?"

"दुसऱ्यात."

"गुडघे असे दुमडले की पायांकडचे पाइप दाबले जातात. मग रक्त फुप्फुसाकडं वळते. पोरीनं हे स्वतःच शोधलं होतं. बाबानं तिले पाहिलं, आणि त्याले आसन म्हटलं. फेऱ्या मारून निळी पाडायची, बसवून बरी करायची. झाला चमत्कार!"

बाबा बाहेर आले. "उपास मोडू नका! विष उलटेल!" असं ओरडू लागले. डॉक्टरांनी तिकडे न पाहता संस्कृतीपुढे पाण्याचा ग्लास धरला. उजव्या हाताला यंत्र होतं, म्हणून तिनं डावा हात पुढे केला. ग्लास पडला. दुसरा दिला. तोही पडला.

"आई," ती म्हणाली, "माहा हात झोपला."

माणसं अजून आकड्याबद्दल बोलत होती. ज्योत्स्ना मात्र लेकीपाशी बसली. तिनं लेकीचा हात उचलला, सोडला. तो तसाच खाली आला.

पथकाच्या गाडीतून आम्ही तिला वाशीमला नेलं, तिथून नागपूरला. घट्ट रक्ताची गुठळी मेंदूत अडकली होती. हृदयाचं ऑपरेशन काही महिन्यांनी झालं आणि चांगलं झालं. आता ती धावते, ओठ निळे पडत नाहीत. डाव्या मुठीत ग्लास मात्र धरवत नाही. पुढे वाशीमच्या दवाखान्यात हाताच्या व्यायामाला नेलं, तेव्हा ती मूठ चोळत ज्योत्स्ना एकदा मला म्हणाली, "सर, मले रडू बी येत नाई."

जादूटोणाविरोधी कायद्याखाली मी तक्रार दिली. बाबांना अटक झाली, जामीनही झाला. आता दुसऱ्या तालुक्यात त्यांची शेड उभी राहते आहे, असं ऐकतो.

बाबा लबाड होते, पण त्यांनी त्या मुलीकडे नीट पाहिलं होतं. मी दोन वर्षं पाहूनही पाहिलं नाही, हे मला लिहून ठेवलंच पाहिजे. चमत्कार खोटा आहे, एवढं म्हणून आपलं काम संपत नाही. मुलाला दम का लागतो, ओठ का निळे पडतात, ते खेळ सोडून का बसतं, हे विचारा. उत्तर सापडेपर्यंत विचारत राहा. आणि त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्या, पाणी पाजून न्या. गुरुवारची वाट पाहू नका.