फुलांच्या घड्याळाला खत

आमच्या भावजयीचा हात फार सढळ. भाजीत मीठ असो की झाडाला खत, दोन्हीकडे तीच गत!

आम्ही दोघी एकाच बागेत माळीकाम करतो. बाग साधीसुधी नाही हं! शहराचा जुना तट पाडला तेव्हा खंदकाचं तळं केलं, तटाच्या दगडांतून बँडवाल्यांचा चौथरा बांधला आणि समोरच्या उतारावर फुलांचं घड्याळ मांडलं. यंत्र जमिनीखाली, लोखंडी काटे वर, आकडे रोपांचे. लोक अजून त्यावरून घरी जायची वेळ ठरवतात. पण बागेच्या समितीला ते यंदा नकोसं झालं. म्हणे, खांबावर विजेचं घड्याळ लावू, कटकट नको. बागेच्या वर्धापनदिनी पाहणी करून काय ते ठरणार होतं.

भावजयीच्या तोंडचं पाणी पळालं. कामाला लागल्यापासून तिनं त्या घड्याळाशिवाय दुसरं काही सांभाळलेलंच नाही. मग काय, बाईंनी खताचा सपाटा लावला. मी "पुरे गं" म्हटलं की म्हणायची, "थोडंसंच हो, ताई!" आणि माझी पाठ वळली की आणखी घालायची.

वर्धापनदिनी समिती आली. मिनिटकाटा डौलात वर चढत होता, तो नवाच्या आकड्यातच अडकला! रोपं इतकी माजली होती की काटा नुसता थरथरत राहिला.

"अगं बये, घड्याळाचा गळाच दाबलास की!" मी ओरडले.

ती रडकुंडीला आली, पण रडत बसली नाही. कात्री घेऊन उतारावर बसली आणि लेकरासारखी वाढवलेली फुलं कचाकच कापत सुटली. माझा जीव तुटला. मीही दुसऱ्या बाजूनं छाटायला बसले. शेवटी काटा सुटला आणि पुढे सरकला.

समितीच्या अध्यक्षबाई बघतच होत्या. "गंजून बंद पडलेली घड्याळं खूप पाहिली," त्या म्हणाल्या, "लाडानं बंद पडलेलं हे पहिलंच!" सगळे खो खो हसले. "इतका जीव लावणारं माणूस असताना हे काढायचं कशाला? राहू दे."

भावजय मातीच्या हातांनीच माझ्या गळ्यात पडली. माझे नवे कोरे कपडे पार माखले. एरवी मी तिला चांगलंच फैलावर घेतलं असतं. पण माझेच डोळे वाहत होते, आणि मला इतका आनंद झाला होता की तिनं मिठी सोडली तरी मी काही सोडत नव्हते.