चवीपुरतं

पहिला घास तोंडात जाताच ती वळली आणि सिंकमध्ये थुंकली. नळ सोडून तिने चूळ भरली, पुन्हा भरली. पफचा उरलेला तुकडा हातातच होता. वरून छान सोनेरी, पापुद्रे मोकळे सुटलेले, काट्याने दाबलेली कड सरळ. आत नुसतं मीठ.

बाहेरच्या खोलीत नवऱ्याचे साहेब आणि त्यांची बायको बसली होती. दोघांनी एकेक पफ अर्धा खाऊन बशीत ठेवला होता आणि पाण्याचा जग दुसऱ्यांदा भरून न्यावा लागला होता. नवरा लिफ्टच्या दुरुस्तीबद्दल काहीतरी भराभर बोलत होता. एकट्या ताईच खात होत्या. नवऱ्याची मोठी बहीण. पहिला पफ संपवून त्यांनी दुसरा उचलला होता आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता तो चावत होत्या.

ही तिसरी वेळ होती. पहिल्यांदा तिचा भाऊ आणि वहिनी आले होते, तेव्हा सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदा ती डबा भरून दुकानात घेऊन गेली. चष्म्याच्या त्या दुकानात ती गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची. डबा जसाच्या तसा परत आला, तेव्हा आपलाच हात चुकला असेल म्हणून तिने स्वतःला दोष दिला. म्हणून या वेळी तिने एकही गोष्ट अंदाजाने केली नव्हती. गाजर, फरसबी, कोबी बारीक चिरून परतलं, मक्याचे दाणे आणि मिरपूड घातली, शेवटी चीज किसून मिसळलं. चीज मुळातच खारट, म्हणून वरून फक्त चिमूटभर मीठ. तीन वाजता चाखलं तेव्हा सारण अगदी बेताचं होतं. ते गार व्हायला ओट्यावर ठेवून ती आंघोळीला गेली. परत आल्यावर लाटलेल्या पाऱ्यांमध्ये भरलं, ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. पाहुणे पाचला येणार होते, पुन्हा चाखायला सवड कुणाला होती?

त्या अर्ध्या तासात स्वयंपाकघरात दोघीच होत्या. सासूबाई आणि ताई.

सासूबाईंवर शंका घेणं तिच्या मनातही आलं नाही. मुलींच्या एका मोठ्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर त्यांनी एकोणतीस वर्षं सांभाळलं होतं. दोनशे मुलींच्या आमटीत डाव बुडवायचा, तळहातावर थेंब घ्यायचा, जिभेला लावायचा आणि सांगायचं, अर्धी मूठ अजून. त्यांचा अंदाज कधी चुकला नाही म्हणे. आजही ओळखीपाळखीतल्या बायका लोणच्याची फोड घेऊन दारात यायच्या, 'तुम्ही एकदा चाखून सांगा' म्हणत.

ताईंचं मात्र वेगळं होतं. दोन गल्ल्या सोडून त्या एकट्या राहायच्या, शाळेचं वाचनालय सांभाळायच्या आणि बोलायला लागल्या की समोरच्याला घाम फुटायचा. हल्ली त्या रोज येत होत्या. आल्या की थेट स्वयंपाकघरात. आज दुपारी आंघोळीला जाताना तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, "आई, तू बाहेर जाऊन बस बघू. इथे मी बघते." आणि ती बाहेर आली तेव्हा मिठाची बरणी ओट्यावर नव्हती. वरच्या फळीवर होती. तिचा हात पोचत नाही अशा फळीवर.

शंकेची पाल तेव्हाच चुकचुकली होती. तिनेच कानाडोळा केला.

पाहुणे गेले. नवरा त्यांना सोडायला खाली उतरला. ताई दाराबाहेर जिन्याशी चप्पल घालत होत्या. ती त्यांच्यामागे बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

"ताई, एक विचारू? सारणात मीठ तुम्ही घातलंत?"

ताईंचा पाय चपलेत अर्धाच गेला होता. त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, सासूबाई ओटा आवरत होत्या.

"असेल," ताई म्हणाल्या.

"असेल म्हणजे?"

"म्हणजे घातलं. चुकून."

"तीनदा चुकून?"

ताईंनी दुसरी चप्पल घातली. एरवी एका वाक्याला चार वाक्यं परतवणारी बाई गप्प होती. त्या गप्प बसण्यानेच तिची खात्री पटली.

"माझं काय चुकलं तेवढं तरी सांगा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मी केलेलं लोकांनी तोंडात धरू नये, एवढा माझा राग येतो तुम्हाला?"

"तुझं काही चुकलेलं नाही," ताई म्हणाल्या आणि कठड्याला धरून जिना उतरून गेल्या.

रात्री नवऱ्याने ऐकून घेतलं. "ताई तोंडाची फटकळ आहे. पण असलं काही करणारी नाही."

"त्यांनी कबूल केलंय."

दुसऱ्या दिवसापासून ताईंचं येणं बंद झालं. सासूबाईंनी दोनदा विचारलं, मग विचारायच्या थांबल्या. संध्याकाळी साडेपाचला, ताईंच्या येण्याच्या वेळेला मात्र त्या खिडकीशी उभ्या असायच्या. तिला ते दिसायचं. पण आपण कुठे खोटं बोललो, असं मनाशी म्हणून ती कामाला लागायची.

तीन आठवडे गेले. दुकानाला दहा वर्षं पूर्ण होत होती आणि मालकीणबाईंनी सगळ्यांना घरून काही ना काही आणायला सांगितलं होतं. तिने ठरवलं, पफच न्यायचे. चाळीस. मागचा डाग धुऊन निघायला हवा होता. आणि आता घरात ताई नव्हत्या.

रविवारी सकाळी तिने मैदा मळला, त्यावर लोण्याचा थर देऊन घडी घातली, लाटलं, पुन्हा घडी घातली आणि गोळा फ्रीजमध्ये ठेवला. सारण केलं. चाखलं. बेताचं होतं. ते पंख्याखाली ठेवून ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली.

परत आल्यावर तिने सहज चमचा बुडवला आणि ती जागीच उभी राहिली.

खारट. तोंड वेडंवाकडं व्हावं इतकं खारट.

सासूबाई टेबलाशी बसून फरसबीच्या शिरा काढत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

तिने चमचा हळूच ठेवला. ताई घरात नव्हत्या. तीन आठवडे नव्हत्या. मग इतके दिवस आपल्याशी गोड बोलणारी, 'तुझ्या हाताला चव आहे गं' म्हणणारी ही बाईच... कशासाठी? आपलं स्वयंपाकघर दुसरीच्या हाती गेलं म्हणून? आणि ताईंनी तरी आळ अंगावर का घेतला? मायलेकींचं हे आधीच ठरलेलं होतं की काय?

"आई, सारण कमी पडेलसं वाटतंय," ती म्हणाली. आपला आवाज इतका सरळ कसा निघाला याचंच तिला नवल वाटलं. "अजून थोडं करते."

तिने तेवढंच दुसरं सारण केलं. चाखलं, पातेलं ओट्यावर ठेवलं, पिशवी उचलली. "लोणी संपलंय. कोपऱ्यावरून घेऊन येते."

"सावकाश जा," सासूबाई म्हणाल्या.

तिने बाहेरचं दार उघडलं आणि आतूनच आवाज करून लावलं. चपला हातात घेतल्या आणि झोपायच्या खोलीतून मागच्या गॅलरीत गेली. स्वयंपाकघराची एक खिडकी गॅलरीत उघडत होती. स्वतःच्याच घरात चोरासारखं उभं राहताना तिला लाज वाटली, पण ती हलली नाही.

सासूबाई उठल्या. त्यांनी पातेल्यातलं सारण चमच्याच्या टोकावर घेतलं, जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या, लांबून कुणी हाक मारतंय आणि ती नीट ऐकू येत नाही अशा. मग त्यांनी बरणीतून चिमूट घेतली, घातली, ढवळलं. पुन्हा चाखलं. पुन्हा डोळे मिटले. पुन्हा चिमूट. या वेळी मोठी.

चौथ्यांदा चाखल्यावर त्यांनी चमचा बाजूला ठेवला. टोपलीतली हिरवी मिरची उचलली, देठ मोडला आणि काकडी खावी तशी ती कचाकचा चावली. सगळी. डोळ्यांत पाणी आलं नाही, ओठही ओढला गेला नाही. चावून झाल्यावर त्या हातातल्या देठाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो पदराच्या टोकात गुंडाळला, केराच्या डब्यात कुणाला दिसू नये म्हणून असावा.

ती भिंतीला टेकली.

दुकानात अशी माणसं येत. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं दिसत नसली तरी घडाघडा म्हणून दाखवायची, कारण बाहेर वाट बघताना त्यांनी ती पाठ केलेली असत. एक बसचालक असाच तिच्यापुढे बसला होता. तिने तक्ता बदलला तेव्हा तो गप्प झाला आणि मग म्हणाला, बाई, घरी सांगू नका.

सासूबाई हल्ली चहा कसा झालाय ते आधी कधीच सांगत नसत. नवरा काय म्हणतो ते ऐकायच्या आणि मग म्हणायच्या, हो, आलं जरा जास्तच पडलंय. थंडीत सगळं घर तापाने आडवं झालं होतं, तेव्हापासून. तिच्या ते आत्ता लक्षात येत होतं.

ती आल्या वाटेने परत फिरली, या वेळी दार खरंच बाहेरून लावलं आणि जिन्याच्या वळणावर उभं राहून ताईंना फोन लावला. बऱ्याच वेळाने तो उचलला गेला.

"ताई, आईंच्या जिभेचं तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

पलीकडे नुसता पंखा ऐकू येत होता.

"ताप उतरला त्याच आठवड्यात," ताई अखेर म्हणाल्या. "मी कारल्याचा रस दिला तर सरबत म्हणून पिऊन टाकला तिने. विचारलं, तर रडायला लागली. बाबा गेले तेव्हासुद्धा मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाली, कुणाला सांगू नकोस, माझ्याकडे दुसरं काय आहे?"

"डॉक्टर?"

"नेलं होतं. येईल म्हणाले, कदाचित येणारही नाही."

"आणि मी तुम्हाला जिन्यात उभं करून..."

"मग काय, तिला उभं करायचं होतं?" ताईंचा आवाज नेहमीसारखा झाला. "माझं बरं आहे. मी खडूसच आहे, त्यात आणखी थोडी भर. दुसऱ्या कुणाला पटलंही नसतं."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. पिशवीचा बंद तिने बोटाला गुंडाळला, सोडला.

"ताई, चाळीस पफ करायचेत. लाटायला हात हवाय."

"सारणाचं काय झालं?"

"व्हायचं तेच झालं."

"येते," ताई म्हणाल्या. "तिला काही बोलू नकोस."

ती कोपऱ्यावर जाऊन लोणी घेऊन आली. दारातच चपला मुद्दाम जोरात काढल्या. सासूबाई पुन्हा टेबलाशी बसल्या होत्या, हातात फरसबी. मिठाची बरणी जागच्या जागी होती.

"ताई येताहेत," ती म्हणाली.

सासूबाईंचा हात थांबला. "खरंच?"

"आत्ता निघाल्यात."

त्यांचा शिरा काढायचा वेग वाढला. तिने लोणी फ्रीजमध्ये ठेवलं, हात धुतले आणि त्यांच्यासमोर पातेल्यात चमचा बुडवला. घास तोंडात घेतला. जीभ भाजल्यासारखी झाली. तिने तो गिळला.

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. इतके दिवस तिने या घरात ज्याला त्याला ज्या नजरेने पाहिलं होतं, तीच नजर आता त्यांची होती. हिला कळलंय का? ताईने सांगितलं का? ही आता काय म्हणेल?

"आई, मीठ जरा पुढे गेलंय बघा," ती म्हणाली. "चीजमध्ये असतंच ना, माझ्या लक्षातच राहत नाही. दोन-तीन बटाटे उकडून घातले तर जमेल?"

सासूबाईंनी तिच्या चेहऱ्यावरची नजर बराच वेळ काढली नाही. कुकरच्या शिट्टीचा आवाज कुणाच्या तरी घरातून आला आणि विरला.

"मलाही तसंच वाटलं," त्या म्हणाल्या आणि बटाटे काढायला खाली वाकल्या.