वगीहचा तपास

मालिकेतला तपास खरा वाटायला गुन्हेगार हुशार असून भागत नाही, बारीकसारीक गोष्टी खऱ्या असाव्या लागतात. हे शहाणपण मी यंदा मुलाखतींतून फुकट वाटत होतो. त्या गोष्टी कुठून चोरल्या, ते मात्र गिळून टाकलं.

माझ्या खालच्या मजल्यावर उम्म वगीह, म्हणजे वगीहची आई, राहते. तिचा एकुलता एक वगीह सहा वर्षांपूर्वी सकाळी अॅल्युमिनियमचं भांडं घेऊन कोपऱ्यावर उसळ आणायला गेला, तो परतलाच नाही. डाव्या चपलेचा पट्टा तारेनं बांधलेला होता. ठाण्यात दोन ओळी लिहून घेतल्या आणि तिला घरी पाठवलं. भांडं, चप्पल, तार, सगळं मी माझ्या मालिकेत घातलं, रमजानमध्ये महिनाभर रोज रात्री एकेक भाग दाखवतात त्या. नाव तेवढं बदललं.

पाचवा भाग दाखवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती धापा टाकत जिना चढून आली. मला वाटलं, आता चपलेनं बडवणार. बडवायलाच हवं होतं.

"लेकरा, तुझा तो अधिकारी भला माणूस आहे," ती म्हणाली. "भांडं कोणत्या हातात होतं, हे त्यानं विचारलं. मला सहा वर्षांत कुणी विचारलं नाही. उजव्या. त्याला सांग."

"मावशी, तो नट आहे. मी लिहितो ते बोलतो."

"मी काय खुळी आहे? कळतं मला. तूच लिहितोस, तर मग लिही की, पोरगा ट्रामकडे वळला. मशिदीकडे नाही."

मी लिहिलं. आमच्याकडे मालिका सुरू झाली तरी निम्मे भाग लिहायचेच असतात. ती रोज यायची, उपाशीपोटी, आणि एकेक आठवण माझ्यापुढे ठेवायची. मी निर्लज्जासारखा वही उघडून बसायचो. कॅफेत लोक म्हणायचे, काय खरं लिहिता हो! माझी छाती फुगायची.

अठ्ठाविसाव्या रोज्याला तिनं विचारलं, "सापडतो का रे?"

"बघू मावशी."

"सापडू दे. लंगडा, आंधळा, कसाही. मी सांभाळीन."

मी तसाच दिग्दर्शिका नेरमीनकडे गेलो. म्हटलं, पोरगा जिवंत सापडू दे.

"सहा वर्षांनी?" ती हसली. "इतका खरा तपास आणि शेवट परीकथेचा? लोक तोंडावर थुंकतील."

"मग सापडूच देऊ नको."

"महिनाभर टांगून ठेवलंस त्यांना. मला प्रेत हवं, उस्ताद. नाहीतर दुसऱ्याकडून लिहून घेते."

दुसऱ्याला लिहू द्यायचं होतं. पण माझं नाव, माझी मालिका! मी लिहिलं. वीटभट्टीमागची कोरडी विहीर, गाळात रुतलेलं भांडं, तारेची चप्पल. चांगलं लिहिलं, हेच तर पाप. संपादन करणारी पोरसुद्धा रडली.

शेवटचा भाग दाखवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी, ईदच्या सकाळी खाली उतरलो. जिन्यात नव्या कपड्यांतली पोरं धावत होती. उम्म वगीहचं दार सताड उघडं होतं. गल्लीतून मागून आणलेल्या खुर्च्यांवर काळ्या कपड्यांतल्या बायका बसल्या होत्या. आजवर सांत्वनाला आलेल्या प्रत्येकाला तिनं शिव्या देऊन हाकललं होतं. आज तीच काळ्या पोशाखात ट्रे घेऊन फिरत होती, मयताच्या घरी देतात ती बिनसाखरेची कॉफी वाटत.

मी तिथंच तिच्या पायाशी बसलो. "मावशी, ते खोटं आहे. विहीर नाही, काही नाही. मी ते मनानं रचलं. वगीह कुठं आहे ते मला ठाऊक नाही गं!"

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हातात राग असता तर मी जगलो असतो.

"तुला माझं दुःख बघवत नाही, म्हणून असं बोलतोस," ती म्हणाली. "इतकं खरं कुणी मनानं रचतं होय? ऊठ, कॉफी निवतेय."

मी कप घेतला आणि तिच्या वगीहच्या नावानं प्यायलो.