बाहेरची कडी

“कडी बाहेरून लावायची,” ताई म्हणाल्या.

सुताराचा हात थांबला. झोपायच्या खोलीला कडी आतून असते. बाहेरून असते ती अडगळीच्या खोलीला.

“एकांतात बसलं की मन पळ काढतं हो. साधकांच्याच भल्यासाठी आहे,” ताई हसून म्हणाल्या. त्या नेहमीच हसत.

सुतार इथे फुकट राबायचा तो लेकीपायी. ती ताईंच्या या नव्या पंथात राहायला आल्यापासून, तो काहीतरी दुरुस्तीला आला तरच ती नजरेस पडायची. कामाला नकार दिला तर तेही बंद.

ती भुसा झाडायला आली तेव्हा त्याने हळूच विचारलं, “ही बुवाबाजी तर नाही ना गं?”

“नवं काही निघालं की लोक आधी हेच म्हणतात, बाबा. आत्यापण गेली होतीच की अशाच एका नव्या पंथात. तेव्हा नाही बोललात.”

“आत्या कंटाळली, घरी आली. कोणी अडवलं नाही. उलट आजारी पडली तर त्या पंथातले लोक बघायला आले.”

“मग मला कोण अडवतंय?”

“चल तर आज जेवायला. आई वाट बघतेय.”

लेकीने आधी ताईंकडे पाहिलं.

त्याने कडी बसवली, पण आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम कच्चं काम केलं. स्क्रू आखूड लावले, जेमतेम लाकडात रुतणारे. दार बाहेर उघडणारं होतं. आतून खांद्याने रेटा दिला की कडी निखळलीच असती. निघताना तो लेकीला कुजबुजला, “अंगाशी आलं तर दाराला धक्का दे. उघडेल.”

ती नुसती हसली. त्या दिवशी तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

पुढच्या खेपेला ताईंनी त्याला थेट त्याच दारापाशी नेलं. कडी काढून ठेवलेली होती, शेजारी वाटीत आखूड स्क्रू.

“तुमच्या मुलीनेच सांगितलं. गुणी पोर आहे. आता तुमच्याच हातांनी पक्की बसवा.”

दार नुसतं लोटलेलं होतं. सुताराने ते ओढलं. आत लेक भिंतीकडे तोंड करून बसली होती.

“दार उघडंच आहे बाळा. चल घरी.”

तिने मान वळवली नाही. “या वेळी लांब लावा, बाबा.”

सुताराने हत्यारांची पेटी बंद केली आणि तो उंबऱ्यावरच बसला, दार लागू नये असा. ताई अजून हसतच होत्या. खालून जिन्यावर पावलं वाजली. दुसरा कोणीतरी ड्रिल घेऊन वर येत होता.