तेलाची कृपा

मामांनी पोस्टमास्तरांच्या टाळूवर कंगवा फिरवला आणि कात्री तशीच हवेत धरली. दीड वर्षापूर्वी इथे बशीएवढं चकचकीत मैदान होतं. आता कापण्याजोगे केस उगवले होते. कपाळाचे दोन्ही कोपरे मात्र होते तसेच उघडे. मामांनी आरशात स्वतःच्या डोक्याकडे पाहिलं. तीच टाळू, तेच कोपरे.

"तुमच्या तेलाची कृपा हो, मामा!" निवृत्त पोस्टमास्तर ओरडले. कमी ऐकू येत असल्यामुळे ते सगळंच ओरडून सांगत, आणि त्यांनाही सगळं ओरडूनच सांगावं लागे.

बाकावर तिघे वाट पाहत होते. त्यांतल्या टकलू गृहस्थाने लगेच आरशाखालच्या फळीवरून एक बाटली उचलली.

तेल मामांनी घरी बनवलेलं. साठीतही केस राखून असलेला न्हावी ही त्याची जाहिरात, आणि ती चक्क खोटी होती. केस राखले होते एका चिमुकल्या गोळीने, जिने टाळू भरते पण कपाळाचे कोपरे भरत नाहीत. हे फक्त बायकोला ठाऊक होतं. तेही गोळीपायी अंथरुणातला उत्साह मावळल्यावर मामांना सांगावं लागलं म्हणून. "ठेवा केस, मला काय," एवढंच ती म्हणाली होती. मामांना ते अजून टोचत होतं.

"आणखी एक सांगायचं राहिलं," पोस्टमास्तर म्हणाले. "प्रोस्टेटची रक्ततपासणी केली. दोन पॉइंट आठ! चारच्या आत. गंगेत घोडं न्हालं एकदाचं. वडील त्याच कॅन्सरने गेले ना, जीव टांगणीला लागला होता."

मामांचा हात खाली आला. गेल्या वर्षी त्यांचाही आकडा असाच गोड आला होता. 'केसांसाठी काही घेता का?' असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा 'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. खरं सांगितल्यावर डॉक्टरांनी त्या आकड्याशेजारी त्याच्या दुप्पट आकडा लिहिला होता.

"डॉक्टरांनी गोळ्या विचारल्या का, कुठल्या चालू आहेत?"

"विचारल्या की. ब्लड प्रेशरची सांगितली."

"आणि केसांची?"

पोस्टमास्तरांची मान चादरीत गेली. "मी कशाला घेऊ? तुमचं तेल आहे की!"

मामांनी बाटल्यांच्या रांगेकडे पाहिलं, मग बाकाकडे. कानात सांगायची सोय नव्हती.

"तेलाने केस येत नाहीत!" ते ओरडले. "माझेही नाही आले. चार वर्षं गोळी घेतोय मी. तिच्यामुळे तपासणीतला आकडा निम्मा दिसतो. तुम्ही घेत असाल, तर तुमचा दुप्पट धरायचा. असेलच काही असं नाही, पण डॉक्टरांना सांगा."

आरशात पोस्टमास्तरांचे ओठ हलले.

"पाच पॉइंट सहा," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच हळू. मग त्यांनी विचारलं, "दवाखाना किती वाजेपर्यंत?"

"एक."

पावणेएक झाले होते. पोस्टमास्तरांनी चादर स्वतःच ओढून काढली.

"अहो, अर्धेच झालेत."

"राहू द्या."

दर खेपेला हातातल्या आरशात मागची टाळू तीनदा पाहणारा माणूस आज एका बाजूने झिपरा, एका बाजूने कातरलेला, तसाच रस्त्यावर गेला.

मामांनी चादर झटकली. टकलू गृहस्थाने बाटली हळूच जागेवर ठेवली, तिचा कागद समोर येईल अशी नीट फिरवली, आणि तो खुर्चीत येऊन बसला.

"त्या गोळीचं नाव काय म्हणालात, मामा?"

"आधी डॉक्टर," मामा म्हणाले, आणि त्यांनी कंगवा पाण्यात बुडवला.